निकाल मोठ्यानं सांगायचा होता

काकू, निकाल लागला.

तुला जाऊन अकरावा दिवस होता. दुपारी एक वाजता लागणार हे मला सकाळपासून माहीत होतं आणि मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. घरात तेराव्याचं बोलणं चाललं होतं. पत्रावळी किती आणायच्या, आचारी कोण, तुझ्या मामाकडचे किती जण येणार. मी मोबाइल घेऊन अंगणवाडीच्या ओट्यावर जाऊन बसले. आपल्या घरात रेंज येत नाही. आली असती तरी मी तिथेच गेले असते.

बैठक क्रमांक मला पाठ होता. इंग्रजी आकड्यांचा सराव म्हणून आपण तोच महिनाभर घोकला होता. तू एकेका पोळीला एकेक आकडा म्हणायचीस, आणि शून्य आला की पोळी उलटायचीस. तो क्रमांक टाकला. त्याच्याखाली दुसरा रकाना होता. आईचं नाव.

परीक्षेला बसलेल्याच्या आईचं नाव टाकल्याशिवाय निकाल उघडत नाही. म्हणजे तुझ्या आईचं. आणि तुझ्या आईचं नाव मला माहीत नव्हतं.

त्या रिकाम्या रकान्याकडे मी किती वेळ बघत बसले, सांगता येत नाही. वर्षभरात 'माय मदर्स नेम इज' हे वाक्य तू माझ्यासमोर शंभरदा तरी म्हटलं असशील. त्यातला 'मदर' मला आठवतो. तुझी जीभ दातांच्या मागे कुठे टेकायची आणि ती कुठे टेकायला हवी होती, ते आठवतं. 'इज'च्या पुढे तू काय म्हणायचीस, ते मात्र आठवेना.

तू कशानं गेलीस, किती वाजता, दवाखान्यात कोण होतं, हे मी इथे लिहीत नाही. येणारा प्रत्येक जण तेच विचारतो आणि काका तेच सांगतात. मला त्यातलं काही तुझं वाटत नाही.

मला मागच्या उन्हाळ्यातली ती दुपार तुझी वाटते. मी नांदेडचं कॉलेज संपवून घरी येऊन बसले होते. कोणी विचारलं तर 'तयारी करतेय' म्हणायचे. कशाची, ते मलाही माहीत नव्हतं. तू माझ्या खोलीच्या दारात उभी राहिलीस. हातात प्लास्टिकची पिशवी, पदराला खिचडीच्या हळदीचा डाग.

"मॅडम, ट्यूशन घेता का?"

मला वाटलं, अंगणवाडीतल्या कोणाच्या तरी भावाबहिणीसाठी विचारतेस. तू पिशवी माझ्या पलंगावर उलटी केलीस. त्यात शाळा सोडल्याचा दाखला होता आणि तीन गुणपत्रिका. कागद घडीवर फाटलेले. तिन्हींवर इंग्रजीच्या आकड्याखाली लाल रेघ.

"मराठी पास, हिंदी पास, गणित पास, इतिहास-भूगोल पास," तू बोटांवर मोजत म्हणालीस. "येका इंग्रजीनं जीव खाल्ला माय. तीन बार."

"आता कशाला पण?"

"सेविकाबाई तीन वर्षांनी रिटायर व्हनार. अठरा वर्षं झाले म्या मदतनीस. खिचडी मी शिजवून राहिले, लेकरं मी झोपवून राहिले, लेकरं मलाच बाई म्हणतात. अन् कागदावर बाई व्हायला दहावी बी न्हाई. आधी दहावी, मंग बारावी. मंग बघू काहून न्हाई म्हणतात ते."

मी दाखला वाचत होते. त्यावर नाव होतं मुक्ता.

"हे कोणाचं?"

"माझंच की."

त्या दिवशी मला कळलं की माझ्या काकूचं नाव संगीता नव्हतं. लग्नात ताटातल्या तांदळावर काकांनी अंगठीनं संगीता लिहिलं आणि तेव्हापासून तू संगीता झालीस. पण तू शाळा सोडलीस ती मुक्ता म्हणून, आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून परत परीक्षेला बसायचं तर मुक्ता म्हणूनच बसावं लागणार होतं. फॉर्म भरताना मी ते नाव टाइप केलं. आईच्या नावाचा रकाना तेव्हाही असणार. तो मी भरला नाही. झेरॉक्सच्या दुकानातल्या माणसानं दाखला बघून भरला. तोवर मी बाहेर येऊन उभी राहिले होते. दुकानात गर्दी होती आणि मला गर्दीत बोलायला नको वाटतं, हे तुला माहीत होतं.

"इंग्लिश मीडियमची पोरगी," तू परत येताना म्हणालीस, "हिच्या तोंडातून मराठी बी निघंना अन् इंग्रजी बी निघंना. आवाज येकदम म्यूट."

मी हसले नाही. तू माझ्यासाठीपण हसलीस.

आपली शाळा अंगणवाडी सुटल्यावर भरायची. लेकरं गेली, भांडी घासून झाली की तू सतरंजीवर बसायचीस, पाय लांब करून, पाठ फळांच्या तक्त्याला टेकून. पहिल्या दिवशी मी म्हणाले, काकू, आपण नियम नंतर बघू, आधी ऐकायचं आणि बोलायचं. मी तशीच शिकले होते. लहानपणापासून कानावर पडलं आणि आलं. तू मान हलवलीस.

"तुला पडलं आसल कानावर. माझ्या कानावर काय पडतंय, कुकरची शिट्टी? मला नियम सांग. नियम कळला की म्या करते."

हे भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचे, बोलता बोलता येतं. तू म्हणायचीस, घराचा नकाशा न बघता आत कशी शिरू. आता मला वाटतं, तुझं बरोबर होतं. निदान तुझ्यापुरतं बरोबर होतं. मी मान्य केलं नाही. एकदा तरी करायला हवं होतं.

काळ शिकवताना तू मला गप्प केलंस. मी वहीत लिहिलं, 'मी स्वयंपाक करत आहे', आणि त्याच्यासमोर इंग्रजी वाक्य. तू ते दोनदा वाचलंस आणि वही माझ्याकडे सरकवलीस.

"करत आहे असं कोन म्हणतंय आपल्यात? करून राहिले म्हण. खिचडी शिजती, ते येक. खिचडी शिजून राहिली, ते दुसरं. खिचडी शिजली, ते तिसरं. लेकरं जेवून बी गेली, ते चौथं. झालं की. एवढ्यासाठी आठ पानं लिव्हली का?"

मी आठ पानं फाडली. तुझ्या वहीत अजून ते तसंच आहे, प्रत्येक काळासमोर खिचडी.

आणि ती न उच्चारायची अक्षरं. 'वॉक'मधला एल, 'नाइफ'मधला के. तू वैतागायचीस. "म्हणायचं न्हाई तर बसवून काहून ठेवलं त्याला?" शाळेत मी कधी विचारलंच नव्हतं. दोन दिवसांनी तूच उत्तर आणलंस, हजेरीपट हातात घेऊन.

"कळलं मला. हे आपल्या हजेरीसारखं हाय. तांड्यावरची लेकरं ऊसतोडीला मायबापासंगं गेलेली, तरी नाव हाय का न्हाई पटावर? कापत न्हाई आपण. उद्या येतील म्हणून ठेवतो. तसा हा के. नाव हाय, हजर न्हाई."

त्यानंतर तू प्रत्येक शब्दात गैरहजर लेकरं शोधायचीस आणि त्यांच्याभोवती पेन्सिलनं गोल करायचीस.

तू सगळ्या वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवल्यास. वजनकाट्यावर, पातेल्यावर, झाडूवर, दारावर. वर इंग्रजी, खाली आपली अक्षरं. तुझ्या आधी लेकरांनाच पाठ झालं. सेविकाबाई म्हणाल्या, "संगीता, हे काय नवीन काढलं?" तर तू म्हणालीस, "लेकरांसाठी हाय बाई." परीक्षेचं तू त्यांनाही सांगितलं नव्हतंस. काका आणि मी, दोघांनाच माहीत होतं.

एकदा मी नात्यांचे शब्द घेतले. अंकल, आंट, नीस, कझिन. यादीच्या शेवटी पुस्तकात 'नेबर' होता. मी तोही सांगितला, शेजारी. तू ती अक्षरं बघत बसलीस. जरा जास्तच वेळ.

"अवघड हाय हा," तू म्हणालीस. "यात बी दोघं गैरहजर." आणि जी आणि एचभोवती गोल केलास.

तुला आठवलं होतं का, काकू?

मी सहावीत होते. वसमतच्या शाळेत गॅदरिंग होतं, आईला ताप होता म्हणून तू आलीस. आपल्या गावाहून दोन गाड्या बदलून, माझा डबा घेऊन. संध्याकाळचे चार वाजले होते. तू आमच्या बाईंसमोर जाऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "गुड मॉर्निंग मॅडम." बाई चांगल्या होत्या, त्यांनी हात जोडले. माझ्या मागच्या मुली हसल्या. त्यातल्या एकीनं मला विचारलं, "कोण गं त्या?"

मी म्हणाले, "शेजारच्या."

तू माझ्यापासून दोन पावलांवर होतीस, माझी पाण्याची बाटली धरून. परत येताना गाडीत तू मला खिडकी दिलीस, शेवेची पुडी दिलीस, आणि माझा नाच कसा झाला तेच सांगत राहिलीस. मी तुझ्या तोंडाकडे बघून ओळखायचा प्रयत्न करत होते. तुझ्या तोंडावरून कधी काही कळायचं नाही. सगळे म्हणायचे, ही किती मोकळी. मला वाटतं, तू माझ्यापेक्षा जास्त झाकून ठेवायचीस. फक्त बोलून झाकायचीस.

मी विचारलं नाही. सहावीत नाही, त्यानंतर नाही, सतरंजीवर आपण दोघीच असतानाही नाही.

रेकॉर्डिंगची कल्पना माझी. तुझं तुला ऐकवलं तर उच्चार सुधारतील, म्हणून मी मोबाइल मध्ये ठेवायचे. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून तू म्हणालीस, "ही कोन म्हैस बोलून राहिली?" आणि मग रोज ऐकायला मागायला लागलीस.

आणि मग तो करार. फॉर्म भरून झाला त्याच आठवड्यात. तू भांडी घासत होतीस, मी ओट्यावर बसले होते.

"तीन बार नापास झाले ना म्या," तू पाठमोरी म्हणालीस. "तवा हेडमास्तर व्हरांड्यात उभं राहून निकाल वाचायचे. पास झालेल्यांचं नाव, मार्क. अन् नापासांचं बी वाचायचे. मामा खाली उभा असायचा सायकल धरून. तिसऱ्या बारला मामानं घंटी वाजवली अन् निघून गेला. म्या पायी गेले घरी. पंधरा दिवसांत तुझ्या काकाचं स्थळ आलं."

मी घासलेलं पातेलं उचलून पालथं घातलं.

"तर आसं हाय, मॅडम. नापास सगळ्यांसमोर झाले, पास बी सगळ्यांसमोरच व्हनार. पास झाले तर तू सांगायचं. मोठ्यानं. तुझ्या त्या उंदराच्या आवाजात न्हाई, लोकांना ऐकू गेलं पाहिजे."

"आणि नापास झालीस तर?"

"तर माझं मी सांगीन. मला सराव हाय."

तू वळून हात पुढे केलास, ओला, राखेचा. मी हात दिला. माझ्या मनात तेव्हा एकच होतं, की तू पास झालीस तर मला सगळ्यांसमोर बोलावं लागेल. तू पास होऊ नयेस असं वाटलं नाही मला. पण एक क्षण मी दचकले, ते स्वतःसाठी. हेही तुला सांगितलं नव्हतं.

परीक्षेचं केंद्र जवळा बाजारला होतं. बाहेर गावात सांगितलं की तू दाताच्या डॉक्टरकडे जातेस. दोन आठवडे एकीचे दात कसे दुखतात, असं कोणी विचारलं नाही. पहिल्या दिवशी वर्गात गेलीस तर पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, सुपरवायझर आली. तू म्हणालीस, "बसा रे बसा, मलाच बसायला जागा दाखवा." हे सांगताना तू एवढी हसलीस की काकांना ठसका लागला. तोंडी परीक्षेत सरांनी नाव विचारलं, तू सांगितलंस, मुक्ता. "लई दिसांनी कोनीतरी त्या नावानं विचारलं," म्हणालीस.

गणिताच्या पेपराबद्दल आपण बोललोच नाही. ते तुझं आलंच होतं. मार्कलिस्टवर तीनदा पास होतं. मी विचारलं तर म्हणायचीस, "ते सोड, व्ही आणि डब्ल्यू घे परत."

तर ती अकराव्या दिवसाची दुपार. मी ओट्यावरून उठून घरी आले. काका मागच्या दारी एकटेच बसले होते. मी हळूच विचारलं, "काका, काकूच्या आईचं नाव काय होतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे.

"तिची माय लई आधीच वारली गं. म्या बघितली बी न्हाई. मामीनंच वाढवली हिला, कन्यादान बी मामा-मामीनंच केलं." त्यांनी काडीनं जमीन उकरली. "नाव सांगितलं आसल तिनं. सांगितलंच आसल."

हॉल तिकीट कपाटात होतं, त्यावर नाव छापलेलं असणार, हे आम्हा दोघांना एकदमच सुचलं. पण तेरावं होईपर्यंत तुझ्या कपाटाला हात लावायचा नाही, असं काकांनीच सगळ्यांना सांगितलं होतं. ते उठायला लागले, मग परत बसले. म्हणाले, "मामाला फोन लावू का?"

मी नको म्हणाले. फोन केला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण मामांकडून ते ऐकायचं नव्हतं मला. मला ते तू सांगितलं होतंस, शंभरदा. माझ्याकडे ते असायला हवं होतं.

मोबाइलमध्ये तुझी एक्केचाळीस रेकॉर्डिंग आहेत. मी परत अंगणवाडीच्या ओट्यावर गेले आणि पहिल्यापासून ऐकायला लागले.

मला वाटलं होतं, तुझा आवाज ऐकून रडू येईल. आलं नाही. कारण तुझा आवाज एका वेळी चार शब्दांच्या वर ऐकूच येत नव्हता. मध्ये मी होते. "थांब." "परत." "काकू, जीभ बाहेर." "इस्कूल नाही, स्कूल." "अगं असं नाही." माणसांत ज्या पोरीच्या तोंडून शब्द निघत नाही, ती तिथे एकसारखी बोलत होती. तुझ्यासमोर मला कधी भीती वाटली नाही आणि त्याचा मी हा उपयोग केला होता.

आठव्यात ते वाक्य सापडलं. "माय मदर्स नेम इज..." आणि लगेच मी, "मदर, म-द-र, दातांच्या मध्ये जीभ, बघ माझ्याकडे." तू नाव उच्चारलं आहेस. ऐकू येतं की काहीतरी उच्चारलंस. पण माझा आवाज त्याच्यावर आहे. बाराव्यात तेच. एकोणिसाव्यातही तेच. मी प्रत्येक वेळी तुझ्या आईच्या नावावरच बोलत होते.

शेवटचं रेकॉर्डिंग लांबलचक होतं. फेब्रुवारीतलं. त्या दिवशी मी प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स आणायला जवळा बाजारला गेले होते आणि मोबाइल अंगणवाडीत चार्जिंगलाच राहिला होता. तू तो स्वतःच चालू केला होतास. सुरुवातीला नुसती खुडबुड. मग घसा खाकरणं.

"गुड मॉर्निंग सर. माय नेम इज मुक्ता. माय मदर्स नेम इज पार्वती."

'मदर' बरोबर आला होता. कोणी बघत नव्हतं तेव्हा आला होता.

पार्वती. एवढं साधं नाव. दर दुसऱ्या घरात असतं तसं.

मी रेकॉर्डिंग तिथेच थांबवलं आणि नाव टाकलं.

काकू, तू इंग्रजीत पास झालीस. बावन्न.

मराठी, हिंदी, विज्ञान, सामाजिक शास्त्रं, सगळ्यात पास. गणितात एकोणतीस. गणितात तू नापास झालीस, सहा मार्कांनी. खाली एकूण निकालात नापास.

मी ते परत परत बघितलं. वर्षभर आपण एका दाराला धडका देत होतो आणि दुसरं दार उघडंच आहे असं धरून चाललो होतो. तीस वर्षांत गणितही बदललं असेल, हे मला कळायला हवं होतं. मी शिकलेली होते. तू असतीस तर आधी शिवी दिली असतीस आणि मग हसली असतीस. मला त्या ओट्यावर दोन्हींतलं काही जमलं नाही. उन्हं उतरली, समोरून गुरं गेली. दारावरची तुझी चिठ्ठी एका बाजूनं सुटली होती, ती मी थुंकी लावून चिकटवली.

दोन दिवस मी हा निकाल कोणाला सांगितला नाही. काकांनी विचारलं नाही. मला वाटतं, नाव न आठवल्यामुळे त्यांना विचारायची लाज वाटत होती. आणि आपला करार माझ्या डोक्यात फिरत होता. पास झालीस तर मी सांगायचं. नापास झालीस तर तू. दोन्ही झालं होतं, आणि दोघींपैकी मी एकटीच उरले होते. गप्प राहिले असते तर कोणाला कळलंही नसतं. गावाला तू परीक्षेला बसलीस हेच माहीत नव्हतं.

तेराव्याला अंगणात बायकांची पंगत बसली. मी पाण्याचा जग घेऊन फिरत होते, कारण पाणी वाढणाऱ्याला कोणी बोलायला लावत नाही. सेविकाबाई होत्या, तुझी अर्धी लेकरं आयांच्या मांडीवर होती. दूर टोकाला तुझी मामी बसली होती, आता पार वाकलेली. मी जग खाली ठेवला आणि घराच्या ओट्याच्या पायरीवर चढले.

"काकू इंग्रजीत पास झाली," मी म्हणाले.

कोणी वर बघितलं नाही. वरणाची बादली खडखडत पुढे गेली.

मग मी ओरडले. मला दुसरा शब्द सापडत नाही. "काकू दहावीला बसली होती. इंग्रजीत पास झाली. बावन्न मार्क."

सगळं थांबलं. एका बाईचा घास हातात राहिला. सेविकाबाई म्हणाल्या, "कोन, संगीता? दाताचं म्हणून जायची ती..." आणि तोंडाला पदर लावला.

अर्धाच निकाल झाला होता. उरलेला माझा नव्हता, तुझा होता.

"गणितात नापास झाली," मी म्हणाले. "एकोणतीस."

पंगतीतून कोणीतरी हसलं. वाईट नाही, आपलं घरातलं हसणं. "आगं माय, म्हणजे सहानं गेलं की," कोणी म्हणालं. "आन् ती माझ्या किराण्याची बेरीज तोंडी करायची," दुसरी म्हणाली. तेरा दिवसांत तुझ्याबद्दल पहिल्यांदा कोणीतरी असं बोललं, जसं तू नुकती उठून आत गेली आहेस. काका बादली धरून उभे होते. ते हसले नाहीत, पण बादली त्यांनी खाली ठेवली.

टोकाकडून तुझ्या मामीनं विचारलं. तिला कमी दिसतं, ऐकूही कमी येतं, म्हणून ती मोठ्यानंच बोलते. "कोन गं ती पोरगी? मुक्ताची कोन ती?"

शेजारची बाई सांगायला लागली होती. मी तिच्या आधी बोलले.

"मी पुतणी आहे तिची," मी म्हणाले. मामीला ऐकू गेलं नसेल असं वाटून परत म्हणाले. "पुतणी. मी शिकवत होते तिला."

हे वाक्य गॅदरिंगच्या दिवशी चार वाजता म्हणायचं होतं. तेव्हाचं ते 'शेजारच्या' तू ऐकलं होतंस का, हे मला आता कधीच कळणार नाही.

संध्याकाळी काकांनी कपाट उघडलं. हॉल तिकीट वरच होतं, घडी न मोडता. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि एकदाच, हळू, म्हणाले, "पार्वती." मग कपाट लावून घेतलं.

मी मात्र तुझं ते शेवटचं रेकॉर्डिंग अर्धवट ठेवलं होतं. नाव मिळालं आणि मी तुला परत मध्येच तोडलं होतं. काल दुपारी अंगणवाडीत जाऊन पूर्ण ऐकलं.

नावानंतर तू थांबतेस. "शी वॉज... शी वॉज व्हेरी..." मग स्वतःशीच, "गोरीपान व्हती. अन् लई हळू बोलायची, आपल्या मॅडमसारखी. हे कसं म्हणायचं काय की. इचारावं लागंल." मग मोबाइलवर बोटं मारल्याचे आवाज. तुला तो बंद करता आला नाही. तू नाद सोडलास आणि कामाला लागलीस. पुढची अकरा मिनिटं फक्त तुझं काम आहे. पातेलं घासणं, पाण्याची बादली, झाडू. एक लेकरू चप्पल विसरलं म्हणून परत येतं. तू म्हणतेस, "स्लिपर म्हण, मंग देते." ते म्हणतं. तू देतेस. मग परत झाडू. मधेच अर्धं गुणगुणणं, कसलं ते कळत नाही. एवढा वेळ सलग मी तुला कधी ऐकलं नव्हतं.

शेवटी दार वाजतं. मी आलेली असते. माझा आवाज येतो, "काकू, अगं, हे चालूच आहे."

"चालू हाय व्हय?" तू म्हणतेस. "मंग राहू दे की."

त्याच्यापुढे एक बारीक टक्क असा आवाज आहे. ते माझं बोट.